सतरा अंशांची भट्टी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

कासुर्डी, ता. दौंड
१४ एप्रिल १९९८

श्री. संपतराव कोळपे यांस,
पोपटराव बरकडे यांचा रामराम.

सोबत चि. पूनमच्या लग्नाची पत्रिका जोडली आहे. रविवार, २४ मे. पाहुणे मांडवगण फराट्याचे, मुलगा कारेगावला कंपनीत सुपरवायझर. तुम्ही मुलीचे मामा, तिला हाताला धरून मांडवात आणायचा मान तुमचा, तरी सहकुटुंब येण्याचे करावे. ऊन फार आहे आणि सोसायटीचा व्हाईस चेअरमन झाल्यापासून मला घरी जेवायलाही सवड नसते, म्हणून जातीने येणे जमले नाही. पत्रिका पोस्टाने पाठवत आहे. राग मानू नये.

दुसरे असे की, माझ्या एका मित्राने गाडी घेतली आहे. परदेशी बनावटीची. आधी एका साखर कारखान्याच्या माजी चेअरमनांकडे होती. वय बारा वर्षे, पण रंग असा की त्यात बघून भांग पाडावा. तिच्यात साधा एसी नाही, क्लायमेट कंट्रोल आहे. आपण आकडा दाबायचा, तेवढा गारवा गाडी आपल्या आपण करते. मित्राने सतरा दाबला. जी हवा आली तिच्यावर पापड भाजून निघाले असते. दौंडच्या मेकॅनिकने गॅस भरला, तर तीच हवा जास्त जोरात यायला लागली. मित्राने व्याह्यांना शब्द दिलेला आहे की नवरदेवाला वेशीपासून थंडगार गाडीतून आणू. तुम्ही त्या लाईनीतले म्हणून सहज विचारले. मित्राला घाई आहे.

आपला,
पोपटराव


शिरूर
१८ एप्रिल १९९८

दाजींस संपतचा रामराम.

पत्रिका पोस्टमनने हातात दिली. त्याला बसवून चहा पाजला, कारण पूनमच्या लग्नाचं आवतन घेऊन आमच्या दारात आलेला तो एकटाच माणूस. आपल्यात पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात आणि दुसरी घेऊन मुलीचा बाप मामाच्या उंबऱ्याशी येतो. कुंकू लावतो, अक्षता देतो, मग मामा जागचा हलतो. पोस्ट खात्याकडं कुंकू नसतं. असो.

मी त्या लाईनीतला आहे हे चार वर्षांनी का होईना तुमच्या लक्षात आलं. तुमच्या वास्तुशांतीला लाऊडस्पीकरवरून टोपी-उपरण्यासाठी माझं नाव पुकारलं ते गवंडी आणि मंडपवाल्याच्या मधोमध. 'वायरमन संपत.' पाहुण्यांची यादी त्याच्यानंतर सुरू झाली. मी न जेवता निघालो, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हाचा वायरमन आज लाईनीतला झाला, म्हणजे बढतीच म्हणायची.

आता तुमच्या मित्राविषयी. त्याचं नाव पोपटराव असावं असा मला दाट संशय आहे, कारण आपल्या पूनमचा नवरदेव वेशीपासून आणायची घाई दुसऱ्या कुणाला असण्याचं कारण नाही.

एसी दुरुस्त करणाऱ्या दोन जाती आहेत. एक गॅस भरणारी, दुसरी विचार करणारी. पहिली मोठी आहे. न बघता गॅस भरणं म्हणजे पोट दुखणाऱ्याला आग्रह करून आणखी दोन पोळ्या वाढणं. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. भंगारात आलेली बर्फाच्या फॅक्टरीची मशीन मी आधी खोलून जोडली, आणि तिच्या पोटातल्या त्या भागाला कॉम्प्रेसर म्हणतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारतो त्याचंच उत्तर द्या, आणि अंदाजपंचे देऊ नका.

इंजिन चांगलं तापू द्या. बॉनेट उघडा. अॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत, त्यातली जाड नळी हाताला कशी लागते? मग इंजिनकडून गाडीच्या आत गेलेले दोन रबरी पाईप बघा, ते कसे आहेत? जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. शेवटचं आणि महत्त्वाचं: गाडी घेतल्यापासून आतमध्ये काय काय बसवलं? टेप, लाईट, पंखा, काहीही. कुणी आतून हात घातला असेल तर तेही कळवा.

संपत


कासुर्डी
२४ एप्रिल १९९८

संपतराव यांस रामराम.

गाडी माझीच आहे. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, तुम्हीच वाकड्यात घेतले.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सर्व केले. जाड नळी माठासारखी गार, वरून पाणी ठिबकत होते. म्हणजे गारवा तयार होतो आहे. मग तो आत पोचत कसा नाही? मधल्या मधे कोण खातो? आमच्या सोसायटीतही असेच एक प्रकरण चालू आहे, पण ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. रबरी पाईप दोन्ही इतके गरम की माझे बोट भाजले. बोटाला लोणी लावले आहे, अक्षर त्यामुळे असे आले आहे.

तापमान मोजायला आमच्या मातोश्रींचा तापाचा थर्मामीटर जाळीत लावला. पारा टोकाला गेला आणि तिथेच बसला, झटकूनही खाली येईना. मातोश्री म्हणाल्या, "गाडीला ताप हाय. भंडारा लाव." लावला. फरक नाही.

आत काहीही बसवलेले नाही. गाडी जशी आली तशीच आहे. व्याही परवा येऊन गेले, त्यांनी गाडीत बसून बघू म्हटले. मी म्हणालो, मुहूर्तालाच बघा. आता तुम्ही नक्की काय करायचे ते कळवा.

पोपटराव


शिरूर
२९ एप्रिल १९९८

दाजींस रामराम.

भाजलेल्या बोटाला लोणी लावत नाहीत, गार पाणी लावतात. आणि तापाचा थर्मामीटर माणसासाठी असतो. दूध डेअरीतून त्यांचा थर्मामीटर मागून आणा, तो शून्यापासून शंभरापर्यंत जातो. तरी तुमच्या उत्तरांवरून मला हवं ते कळलं.

गॅस ठीक आहे. कॉम्प्रेसर ठीक आहे. दौंडच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा आणि पुन्हा बॉनेट उघडू देऊ नका. तुमच्या गाडीत गारवा तयार होतोय आणि त्याच वेळी हीटरही पूर्ण जोरात चालू आहे. हीटर म्हणजे, इंजिनाचं उकळतं पाणी त्या दोन रबरी पाईपांतून आत नेऊन त्याच्यावरून वारा सोडतात. परदेशात बर्फ पडतो, तिथं लागतो. कासुर्डीत लागत नाही.

साध्या गाडीत हीटर आपण हातानं चालू करतो. तुमच्या गाडीत तो एक पेटी ठरवते. पेटीला आत किती गरम आहे हे सांगायला डॅशबोर्डाच्या आत, बारक्या जाळीमागं, मुगाच्या दाण्याएवढा एक मणी असतो. मण्यापासून पेटीपर्यंत केसाएवढ्या दोन तारा जातात. मणी गरम झाला की तारांतून वीज सहज जाते, गार झाला की अडते. आणि तार तुटली की वीज अजिबातच जात नाही. मग पेटीला वाटतं, काय ही थंडी! तुमची गाडी आत्ता अशा समजुतीत आहे की ती हिमालयात उभी आहे, आणि बिचारी तुम्हाला वाचवण्यासाठी जिवाचं रान करतेय.

म्हणून पुन्हा विचारतो. तार आपोआप तुटत नाही. डॅशबोर्डाला कुणी हात लावला? खरं सांगा.

लग्नाविषयी माझं म्हणणं मागच्या पत्रात आलेलं आहे. उंबरा जागेवर आहे.

संपत


कासुर्डी
४ मे १९९८

दादास सुलक्षणाचा शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार करावा असं तुझं वागणं सध्या नाही, पण रीत म्हणून.

तुमची दोघांची पत्रं मी वाचते. हे माझ्याकडूनच वाचून घेतात, चष्मा सापडत नाही म्हणून. चार वर्षांत तुम्ही एकमेकांना चार शब्द बोलला नाहीत आणि आता नळी गरम का गार यावर पानंच्या पानं!

डॅशबोर्डाचं मी सांगते. गाडी आली आणि लगेच हे जेजुरीला जाऊन पितळेचा खंडोबा घेऊन आले, घोड्यावर बसलेला, चांगला वजनदार. आत्याबाई लेकाला म्हणाल्या, "द्येव डुलता कामा न्हाई. पक्का बसीव." मग यांनी गोठ्याच्या दाराला कोयंडा बसवायचं ड्रिल आणलं, आणि कोयंड्याचाच स्क्रू घेऊन देव डॅशबोर्डात असा बसवला की गाडी उलटली तरी देव हलायचा नाही. त्या दिवसापासून गाडी तापायला लागली. यांना ते ठाऊक आहे. पण कबूल करायचं म्हणजे देवामुळं गाडी बिघडली असं म्हणायचं, आणि ते आत्याबाईंच्या देखत कोण म्हणेल? मी म्हटलं, स्क्रू काढून बघा. आत्याबाई म्हणाल्या, "लगीन होस्तवर द्येवाला हात लावशीला तर मी मांडवात येत न्हाई." त्या बोलतात ते करतात. थोरल्या जावेच्या लग्नात त्या खरंच आल्या नव्हत्या.

तुला वाटतं यांना तुझ्या दारी यायचं नाही. अरे, यायचंय. दोन वेळा फेटा बांधून, कुंकवाची पुडी खिशात घालून गाडी काढली. चौफुल्यापर्यंत गेले आणि परत फिरले. विचारलं तर म्हणतात, "एसीवाल्याच्या दारात एसी बंद पडल्याली गाडी काचा खाली करून न्यायची? सारं शिरूर दात काढंल." म्हटलं, यष्टीनं जावा. तर म्हणाले, "दारात गाडी असून यष्टीत बसल्याला व्हाईस चेअरमन बघितलाय का तू कुठं?"

म्हणजे गाडी नीट झाल्याशिवाय हे तिकडं येणार नाहीत, आणि हे आल्याशिवाय तू इकडं येणार नाहीस. मधे मी बसलेय. यांनी आता यांच्या एका चुलत मेव्हण्याला मामा म्हणून उभं करायचं चालवलंय. पूनमच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "मामा आला तर मामाचा हात धरीन. न्हाई तर माझी मी चालत यीन. पाय हायती मला." भटजी लाऊडस्पीकरवर 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' म्हणतील आणि पोरगी एकटी चालत येईल. दादा, तेव्हा मी कुणाकडं बघू?

मी लिहिलंय हे यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
सुलक्षणा


शिरूर
८ मे १९९८

दाजींस रामराम.

तुमच्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून मी बसून विचार केला. गाडीच्या लक्षणांवरून माझ्या ध्यानात आलं की डॅशबोर्डावर एखादी पितळी वस्तू असावी. वजनदार. घोड्यावर बसलेली. खालून कोयंड्याचा स्क्रू. घोड्याचं तोंड बहुधा डावीकडं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, शास्त्रानं कळलं.

तुमचा स्क्रू त्या दोन तारांतल्या एकीतून गेलेला आहे. देवाचा यात काही दोष नाही. देवाला कुणी विचारलं नव्हतं.

आता नीट ऐका. देव हलवायची गरज नाही, आत्याबाईंना निर्धास्त सांगा. डॅशबोर्डाच्या पोटाखालचं झाकण काढायचं, उताणं झोपून हात वर घालायचा, तुटलेली तार शोधायची आणि नवा तुकडा स्क्रूला वळसा घालून जोडायचा. देव वर, तार खालून. देवळाला प्रदक्षिणा घालतो तसं. पण तिथं अशा डझनभर तारा आहेत आणि चुकीची धरली तर गाडी हॉर्न वाजवत बसेल. म्हणून दौंडच्या माणसाला देऊ नका. हे काम हातानं होतं, पोस्टानं होत नाही. आवतनाचंही तसंच आहे.

माझं दुकान बायपासला आहे. रविवारीही उघडं असतं.

संपत


कासुर्डी
१२ मे १९९८

संपतराव यांस,

स्क्रू कोयंड्याचा आहे हे शास्त्राला कसे कळले? घरात फितुरी आहे. बघून घेतो.

तुम्ही वास्तुशांतीचे काढले, आता माझेही ऐका. त्या दिवशी पहाटेपासून तुम्ही शिडीवर. मी स्वतः खाली उभा राहून म्हणालो, संपतराव, उतरा, फेटा बांधा, पाहुण्यांत बसा. तुम्ही तोंडात वायर धरून म्हणालात, "हे तुमच्या त्या पुण्याच्या माणसानं केलेले जोड बघवत नाहीत. झाल्याबिगर उतरत नाही." पंगत मांडली तरी तुम्ही शिडीवर. पुकारणारा माणूस बाहेरगावचा. शिडीवर चढून तोंडात वायर धरलेल्या माणसाला तो काय म्हणेल? जिल्हा परिषद सदस्य? यात माझी चूक काय, ते शास्त्राने शोधून काढा.

मी पुण्याहून माणूस बोलावतो आहे. तुम्ही त्रास घेऊ नये. मामाची व्यवस्था झालेली आहे.

पोपटराव


शिरूर
१७ मे १९९८, रविवार

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

हे पत्र दाजींच्याच हाती देणार आहे. ते वाटेत थांबून उघडतील आणि चष्मा सापडल्यामुळं स्वतः वाचतील, हे धरून लिहितोय.

आज दुपारी दुकानासमोर तुमची गाडी येऊन उभी राहिली. रंग खरंच चांगला आहे. चारही काचा वर, घट्ट बंद. एक्केचाळीस डिग्री ऊन आणि काचा बंद! वाटलं, आणला पुण्याचा माणूस, केलं त्यानं नीट, आणि हा बाबा आता मला दाखवायला आलाय. मी मुद्दाम वर बघितलं नाही. पान्हा पुसत बसलो.

दार उघडलं. आतून जी वाफ आली तिनं माझ्या स्टुलावरचं वर्तमानपत्र उडालं. आणि त्या वाफेतून फेटा बांधलेला एक माणूस उतरला. विहिरीतून काढल्यासारखा. तोंड लालबुंद. एका हातानं दार धरलेलं आणि दुसरा हात छातीवर, सदऱ्याच्या खिशावर भलामोठा लाल डाग. शेजारचा पंक्चरवाला "अपघात झाला, अपघात झाला" करत धावला. रक्त नव्हतं. कुंकवाची पुडी घामात विरघळली होती.

मी विचारलं, "पुण्याचा माणूस?"

"येत न्हाई म्हणाला. लांब पडतं."

"मग काचा तरी खाली करायच्या."

"न्हावऱ्यात वळखीची मानसं हायती."

"निदान तो अख्खा एसीच बंद करायचा, दाजी. बटण आहे त्याला."

"बंद क्येला की सतराच्या आकड्याची लाईट जाती," म्हणाले. "बाहेरनं दिसाया नको?"

सुलक्षणा, मी बरेच एसी आणि बरीच माणसं बघितली. उकडू नये म्हणून लोक एसी लावतात. एसी चालू दिसावा म्हणून कासुर्डीपासून शिरूरपर्यंत स्वतःला शिजवत आणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला हसायला पाहिजे होतं. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होतो. पण ते नीट उभे राहिले, फेटा सारखा केला, खिशात दोन बोटं घातली, तो लाल चिखल काढला आणि माझ्या दुकानाच्या उंबऱ्याशी, ग्रीसच्या डब्यांच्या मधे, माझ्या कपाळाला लावला. अक्षता हातावर ठेवल्या. त्याही चिकटलेल्याच होत्या. म्हणाले, "संपतराव, पूनमला मांडवात तुम्हीच आणायचं. या." बाकी काही नाही. मग मटकन खाली बसले.

तुझ्या वहिनीनं तांब्याभर पाणी दिलं, नंतर दुसरा दिला. शिडीचा विषय निघाला. मी म्हणालो, शिडी उंच होती. ते म्हणाले, माईक लांब होता. तो विषय संपला. चुलत मेव्हण्याला काय सांगायचं ते ते बघतील, तो त्यांचा प्रश्न आहे.

मग मी गाडीखाली नव्हे, गाडीत शिरलो, उताणा. दाजी शेजारी उकिडवे बसून मला सांगत होते की देवाला धक्का लावू नका. मी म्हणालो, देवाला मी लावत नाही, तुम्ही मला लावताय. तार मी म्हणालो होतो तिथंच सापडली, स्क्रूच्या आट्यात अडकलेली, निळ्या रंगाची. हे तू तिथं चारचौघांत सांग. नवा तुकडा टाकला, कथलाचा डाग दिला, जोडावर प्लास्टिकची नळी चढवली, स्क्रूपासून बोटभर लांबून वळसा घेतला. खंडोबा जागच्या जागी. घोड्याचं तोंड मात्र उजवीकडं आहे, डावीकडं नाही, आणि तुझ्या नवऱ्यानं मला ते पत्रात कळवलं नाही, याचा मला राग आला.

गाडी चालू केली. पहिल्यांदा गरम आली, मग कोमट, मग पेटीला कळलं असावं की आपण शिरूरला आहोत. अशी गार हवा सुटली की दाजींनी दारातूनच तोंड आत घातलं. डेअरीचा थर्मामीटर आणून लावणार होतो, आकडा बरोबर आहे का ते तपासायला. ते म्हणाले, "जरा बसून बघतो." बसले. दार लावून घेतलं.

ते अजून आत आहेत. झोपलेत. फेटा मांडीवर, तोंड उघडं, सदरा वाळून कुंकवाचा डाग पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. इंजिन चालू आहे. दुसऱ्या कुणी माझ्या दारात असं उभ्या गाडीत पेट्रोल जाळलं असतं तर मी किल्ली काढून हातात दिली असती. मी बाहेर लिंबाच्या सावलीला स्टूल टाकून हे लिहितोय. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. गाडी चालू ठेवून आत कोण झोपलंय विचारत होतं. म्हणालो, पाहुणे आहेत.

मी शनिवारीच येतो, तुझ्या वहिनीला घेऊन. पूनमला सांग, पायांचा तिला अभिमान आहे तो राहू दे, पण हात मोकळा ठेव.

आता आत त्यांनी अंग आखडून घेतलंय. दुकानातली चादर आहे, तेलाचा वास येतो तिला, पण आहे. ती टाकून येतो. नवऱ्या मुलीच्या बापाला ऐन लग्नात पडसं व्हायला नको.

तुझा,
दादा